कसाऱ्याची वाट

2009 सालच्या उन्हाळ्यात अहिल्यानगर (तेव्हाच्या अहमदनगर) जिल्ह्यातील टाकळी ढोकेश्वर येथे एक बिबट्या विहिरीत पडला. वनखात्याने त्याला बाहेर काढले, वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय यांच्या चमूने त्याच्या गळ्यात उपग्रहाशी जोडलेला पट्टा बांधला आणि माळशेज घाटात त्याला सोडून देण्यात आले. वयाने मोठा आणि वृत्तीने शांत, म्हणून त्याला 'आजोबा' हे नाव पडले. माळशेजच्या रानात हा प्राणी रमेल अशी सोडणाऱ्यांची अपेक्षा होती. आजोबांचा बेत निराळा होता. रात्री चालावे, दिवसा झुडपात पडून राहावे, असे करीत ते सह्याद्रीच्या कुशीतून उत्तरेकडे निघाले. कसारा स्थानकाच्या जवळून त्यांनी रेल्वेमार्ग ओलांडला, मुंबई-आग्रा महामार्ग ओलांडला, तानसाच्या जंगलातून ते वसईकडे उतरले आणि अखेरीस खाडी पोहून मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात दाखल झाले. सुमारे 120 किलोमीटरचा हा प्रवास त्यांनी महिन्याभरात पुरा केला. वाटेत कोणा माणसाच्या अंगावर ते गेले नाहीत. पुढे 2014 साली 'आजोबा' याच नावाचा मराठी चित्रपट आला आणि ही कथा घरोघरी पोहोचली.

चित्रपटातील कौतुक बाजूला ठेवून या प्रवासाचा नकाशा पाहिला, तर त्यातून जे दिसते ते पंधरा वर्षांहून अधिक काळ लोटल्यावरही शासनाच्या आणि समाजाच्या पुरते ध्यानी आलेले नाही. नकाशावर हिरव्या रंगाचे पाच ठिपके आहेत. भीमाशंकर अभयारण्य 1985 साली घोषित झाले, क्षेत्र सुमारे 130 चौरस किलोमीटर. त्याचा एक तुकडा मुरबाड तालुक्यातही उतरला आहे. कळसूबाई-हरिश्चंद्रगड 1986 सालचे, सुमारे 361 चौरस किलोमीटर. तानसा त्याहून जुने, 1970 सालचे, सुमारे 320 चौरस किलोमीटर. तुंगारेश्वर 2003 साली अभयारण्य झाले. आणि टोकाला मुंबईचे राष्ट्रीय उद्यान. सर्वांची बेरीज हजार चौरस किलोमीटरच्या आसपास जाते. हजार किलोमीटर सलग असते, तर तो महाराष्ट्रातील एक मोठा अरण्यप्रदेश ठरला असता. ते सलग नाही. मध्ये मुरबाड आणि शहापूर हे दोन तालुके आहेत, त्यांची गावे, भातशेती, खासगी माळराने, वनखात्याचे विखुरलेले तुकडे, दोन राष्ट्रीय महामार्ग आणि एक रेल्वेमार्ग आहे. या साऱ्यातून जाणारी वाट ज्या अरुंद जागी सर्वाधिक चिमटली जाते, ती जागा म्हणजे कसारा.

वन्यप्राण्यांच्या या वाटेला शास्त्रज्ञ 'भ्रमणमार्ग' म्हणतात. अभयारण्य घोषित केले, कुंपण घातले, फलक लावला की प्राणी सुरक्षित झाला, अशी सर्वसाधारण समजूत असते. वस्तुस्थिती तशी नाही. वयात आलेल्या नराला जन्मस्थान सोडून स्वतःचे क्षेत्र शोधावेच लागते. यवतमाळच्या टिपेश्वर अभयारण्यातून 2019 साली निघालेला एक तरुण वाघ तेराशे किलोमीटरहून अधिक भटकंती करून बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला, तो याच कारणाने. ही वाट बंद झाली की बेटावर अडकलेल्या कुळासारखी त्या जंगलाची अवस्था होते. जवळच्या नात्यात संबंध होऊन संतती दुबळी होते, एखादी साथ किंवा एखादा मोठा वणवा सारे कुळ संपवून जातो, आणि बाहेरून नवे रक्त येण्याचा रस्ता नसतो. सगोत्र विवाह टाळण्याचा दंडक पाळणाऱ्या समाजाला हे सांगण्यासाठी फार विज्ञान लागू नये.

केवळ बिबट्याचाच हा प्रश्न नाही. रानपिंगळा नावाचे एक लहानसे घुबड 1884 नंतर कोणाला दिसले नव्हते. ते नामशेष झाले असे मानले जात असतानाच 1997 साली नंदुरबार जिल्ह्यात शहाद्याजवळ त्याचा पुन्हा शोध लागला, आणि सातपुड्यापासून इतक्या दूर, मुंबईच्या उशाशी, तानसाच्या सागवानी जंगलात ते 2014 साली आढळले. भीमाशंकरचे शेकरू तर जमिनीवर क्वचितच उतरते. त्याची वाट झाडांच्या शेंड्यांवरून जाते आणि मधली चार झाडे तुटली तरी ती संपते. भेकर, पिसोरी, साळिंदर, तरस, रानमांजर यांच्या प्रवासावर कोणी चित्रपट काढीत नाही, पण ज्या वाटेने आजोबा गेले तीच त्यांचीही आहे.

कसाऱ्याच्या घाटाला माणसाने पहिली मोठी जखम केली ती एकोणिसाव्या शतकात. 1 जानेवारी 1865 रोजी थळघाटातून इगतपुरीपर्यंत रेल्वे सुरू झाली. मागे जोड इंजिने लावून चढणाऱ्या गाड्यांचा हा घाट हजारो प्रवाशांच्या परिचयाचा आहे. मुळात थळघाट हा प्राचीन व्यापारी मार्ग. सोपाऱ्याच्या बंदरातून नाशिककडे जाणारे तांडे इथूनच चढत. तेव्हाही माणूस आणि श्वापद एकच खिंड वापरीत होते. फरक इतकाच की, बैलांचा तांडा रात्री थांबत असे. महामार्ग थांबत नाही. चौपदरी झाल्यापासून कसाऱ्याच्या रस्त्याच्या मध्यभागी दुभाजक आहे, दोन्ही बाजूंना कठडे आहेत, आणि रात्री-अपरात्री मालमोटारींची रांग अखंड चालू असते. प्राणी एका बाजूने रस्त्यावर येतो, दुभाजकापाशी अडतो, समोरच्या दिव्यांनी दिपतो आणि तिथेच संपतो. घाटात बिबट्या गाडीखाली सापडल्याची चार ओळींची बातमी अधूनमधून वृत्तपत्रात येते आणि विसरली जाते.

म्हणून रस्तेच करू नयेत, असे म्हणणारा एक वर्ग आहे. त्या वर्गाशी सहमत होण्याचे कारण नाही. ज्या देशाला पुढे जायचे आहे त्याला रस्ते लागणार, रेल्वे लागणार, पाणीही लागणार. प्रश्न रस्ता कसा बांधायचा हा आहे, आणि त्याचे उत्तर कसाऱ्यातच हाती लागते. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा 76 किलोमीटरचा शेवटचा टप्पा 5 जून 2025 रोजी खुला झाला. योगायोगाने तो जागतिक पर्यावरण दिन होता. या टप्प्यात इगतपुरीच्या बाजूने शिरून शहापूर तालुक्यात वशाळ्याकडे बाहेर पडणारा सुमारे आठ किलोमीटरचा जुळा बोगदा आहे. घाटाची वळणे टळावीत आणि प्रवाशांचा वेळ वाचावा, एवढाच त्याचा हेतू. पण आठ किलोमीटर डोंगर वरून जसाच्या तसा राहिला. खाली गाड्या ताशी शंभरच्या वेगाने धावत असताना वर भेकर निवांत चरू शकते. हेतू कोणताही असो, घाटातल्या वन्यजीवांसाठी इतका मोठा पूल आजवर कोणी बांधलेला नाही. ज्यांनी तो बांधला त्यांनाही बहुधा हे श्रेय आपले आहे याची कल्पना नसावी.

बोगद्याच्या बाहेर मात्र तोच महामार्ग शहापूरच्या जंगलपट्ट्यातून आणि तानसाच्या शेजारून जातो. समृद्धीवर ठिकठिकाणी प्राण्यांसाठी वरून आणि खालून जाणारे मार्ग ठेवले आहेत, ही चांगली गोष्ट. तरीही 2022 च्या डिसेंबरात नागपूर-शिर्डी हा पहिला टप्पा सुरू झाल्यानंतर वन्यप्राणी गाड्यांखाली येण्याच्या घटना घडल्याच. बांधकाम नकाशात असणे आणि ते प्राण्याच्या नेमक्या वाटेवर असणे, या दोहोंत फरक आहे. पेंच व्याघ्र प्रकल्पातून जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग क्रमांक 44 चा अनुभव या दृष्टीने मोलाचा आहे. तिथे प्रदीर्घ न्यायालयीन झगड्यानंतर महाराष्ट्राच्या हद्दीत रस्ता नऊ ठिकाणी उचलून घेण्यात आला. त्यांतले सर्वांत लांब पूल साडेसातशे मीटरचे आहेत. त्यांच्याखाली कॅमेरे बसवून भारतीय वन्यजीव संस्थेने 2019 साली नोंदी घेतल्या, तेव्हा अठरा जातींचे वन्यप्राणी तिथून ये-जा करताना टिपले गेले, आणि त्यांत अकरा निरनिराळे वाघ होते. वाट योग्य जागी दिली तर प्राणी ती वापरतो, याहून अधिक पुरावा कोणी मागू नये. जुन्या कसारा घाटात या प्रकारचे पूल नाहीत. तिथे पावसाचे पाणी जाण्यासाठी केलेल्या मोऱ्या आहेत, आणि कित्येक मोऱ्या दगडमाती व प्लास्टिकने तुंबलेल्या असतात. त्या स्वच्छ करणे, जिथे शक्य तिथे रुंद करणे, तोंडाशी झाडी राखणे आणि घाटात रात्रीच्या वेगाला खरोखरीचा लगाम घालणे यासाठी हजारो कोटी लागत नाहीत. कल्याण-कसारा तिसऱ्या रेल्वे मार्गिकेचे काम गेली काही वर्षे चालू आहे. नव्या मार्गिकेखालच्या मोऱ्या बांधतानाच मोठ्या ठेवल्या तर खर्च थोडा वाढतो. भराव एकदा पूर्ण झाल्यावर तो फोडून वाट करायची म्हटली तर ते काम कधीच होत नाही.

रस्ता आणि लोहमार्ग डोळ्यांना दिसतात, म्हणून त्यांच्यावर चर्चा तरी होते. त्याहून मोठी तोड गुपचूप चालू आहे. भिवंडी आणि पडघ्यापासून गोदामांची रांग महामार्गाच्या कडेने पूर्वेकडे सरकते आहे. वासिंद, आसनगाव, खर्डी या भागांत डोंगरउतारावरच्या जमिनींचे भूखंड पाडून विकले जात आहेत. 'निसर्गाच्या कुशीत दुसरे घर' अशी त्यांची जाहिरात असते. ठाणे, डोंबिवली, मुलुंडची सुशिक्षित कुटुंबे ते घेतात, आणि त्यांत पाप काही नाही. पण भूखंड ताब्यात येताच पहिले काम होते ते दगडी कुंपणाचे, वर काचा किंवा काटेरी तारा, मग चारी कोपऱ्यांवर रात्रभर जळणारे प्रखर दिवे. एका घराने काही बिघडत नाही. अशी पन्नास कुंपणे ओळीने उभी राहिली की दोन टेकड्यांमधली ओहोळाची वाट बंद होते. मग एखाद्या रात्री बिबट्या त्या गल्लीत दिसतो, त्याचे चित्रण फिरते आणि 'बिबट्या वस्तीत घुसला' असा गलका होतो. कोण कोणाच्या वस्तीत घुसला, हा प्रश्न त्या चित्रणाखाली कोणी लिहीत नाही. ज्या वाचकांची शहापूर-मुरबाडमध्ये जमीन आहे त्यांना एवढे तरी करता येईल : ओढ्याच्या काठची दहा हात जागा मोकळी सोडावी, दगडी भिंतीऐवजी जाईजुई नाही तरी निवडुंग-करवंदाची जिवंत वई घालावी आणि रात्री बाहेरचे दिवे मालवावेत.

इथे एका रास्त भीतीचा विचार करणे भाग आहे. भ्रमणमार्ग जपावा असे म्हटले की, बिबट्याला गावात आमंत्रण देता काय, असे विचारले जाते. 2025 साली शिरूर तालुक्यात बिबट्याच्या हल्ल्यांत लहान मुलांचे प्राण गेले. ज्या आईचे मूल अंगणातून उचलले गेले तिला जीवसाखळीचे महत्त्व सांगायला जाणे हा अमानुषपणा ठरेल. नरभक्षक ठरलेल्या प्राण्याचा बंदोबस्त झालाच पाहिजे, गोठे बंदिस्त झाले पाहिजेत, नुकसानभरपाई वेळेवर मिळाली पाहिजे. परंतु दिसेल तो बिबट्या पिंजऱ्यात धरून दूरच्या जंगलात नेऊन सोडणे हा त्यावरचा उपाय नव्हे. जुन्नर भागात 2001 ते 2003 या काळात हाच प्रयोग झाला, आणि अत्रेय व त्यांच्या सहकाऱ्यांच्या अभ्यासात असे आढळले की, त्यानंतर माणसांवरील हल्ले उलट वाढले. अनोळखी मुलुखात टाकलेला, घाबरलेला प्राणी अधिक धोकादायक असतो. आजोबांच्या प्रवासाचाही एक अर्थ हाच आहे : माणसाने त्यांना जिथे सोडले तिथे ते राहिले नाहीत. प्राण्याला त्याच्या वाटेने, रात्रीच्या अंधारात, न दिसता निघून जाऊ देणे हे गावाच्याच हिताचे असते.

शहापूर-मुरबाडच्या वनवासी बांधवांना हे नव्याने शिकवण्याची गरज नाही. महादेव कोळी, ठाकर, वारली पाड्यांच्या वेशीवर शेंदूर फासलेला वाघोबा आजही उभा आहे. मुंबई, ठाणे आणि पालघर या भागांत अभ्यासकांनी केलेल्या एका पाहणीत वाघोबाची दीडशेहून अधिक ठाणी नोंदली गेली. 2021 साली ती प्रसिद्ध झाली. बिबट्यालाही वाघच म्हणणारा, त्याची भीती बाळगणारा, त्याला नैवेद्य देणारा आणि त्याच्याशी सीमेचा करार करणारा हा समाज आहे. वाघाने वनाला राखावे आणि वनाने वाघाला, हा महाभारताच्या उद्योगपर्वात आलेला विचार त्याने ग्रंथ न वाचता आचरणात ठेवला आहे. हे सारे सोज्ज्वळ चित्र आहे असेही नाही. फेब्रुवारी-मार्चमध्ये डोंगरांना वणवे लावले जातात, रानडुकरासाठी लावलेल्या तारेच्या फाशात बिबट्या अडकून मरतो, आणि हे करणारे हात पुष्कळदा गावातलेच असतात. परंतु त्या गावाच्या तक्रारी ऐकायला कोणी गेलेले नसते, हेही तितकेच खरे.

कायद्याने यासाठी जागा ठेवलेली आहे, ही गोष्ट फार थोड्यांना ठाऊक आहे. वन्यजीव संरक्षण अधिनियम 1972 चा. त्यात 2002 साली झालेल्या दुरुस्तीने 'संवर्धन राखीव क्षेत्र' ही तरतूद आली. दोन संरक्षित क्षेत्रांना जोडणारी शासकीय जमीन स्थानिक लोकांशी सल्लामसलत करून असे क्षेत्र म्हणून घोषित करता येते. त्यासाठी कोणाला गाव सोडावे लागत नाही, आणि व्यवस्थापन समितीवर ग्रामपंचायतींचे प्रतिनिधी असतात. खासगी किंवा गावकीची जमीन असेल आणि मालक राजी असतील, तर 'समुदाय राखीव क्षेत्र' करता येते. घाटाच्या माथ्यावर इगतपुरीत असे राखीव क्षेत्र 2022 साली घोषित झाले आहे. घाटाच्या पायथ्याशी, कसाऱ्यापासून तानसापर्यंतच्या पट्ट्याला मात्र जोडमार्ग म्हणून तशी मान्यता मिळालेली नाही. साखळीची वरची कडी घडवली आणि खालची तशीच सोडली, तर तिला साखळी कसे म्हणावे? पश्चिम घाटातील पर्यावरणीयदृष्ट्या संवेदनशील क्षेत्राची अधिसूचना 2014 पासून मसुद्यांतच फिरते आहे. 2024 साली तिचा सहावा मसुदा निघाला. तिच्या वाटेकडे डोळे लावून बसण्यापेक्षा राज्याच्या हाती असलेली ही छोटी तरतूद वापरणे शहाणपणाचे आहे.

आणि पाण्याचे काय? मुंबईच्या घराघरांतील नळाचा उगम बहुतांशी याच डोंगरांत आहे. तानसाचे धरण 1892 सालचे. एकट्या भातशाकडून महानगराचे जवळपास निम्मे पाणी येते. त्या धरणांच्या कुशीतल्या शहापूर तालुक्यातील पाड्यांवर दर उन्हाळ्यात टँकर जातो, ही विसंगती आता कोणाला खटकतही नाही. आता तानसाच्या जंगलात गारगाई धरण होऊ घातले आहे. दररोज 440 दशलक्ष लिटर पाण्यासाठी. काही वर्षे बाजूला ठेवलेला हा प्रकल्प पुन्हा हाती घेण्यात आला आहे. मुरबाडमध्ये काळू नदीवरील धरणाचे काम वनखात्याची मंजुरी नसतानाच सुरू झाले होते आणि 2012 साली उच्च न्यायालयाने ते थांबवले. महानगराची तहान खोटी नाही. पण गळती रोखणे, सांडपाणी शुद्ध करून फिरवणे, समुद्राचे पाणी गोडे करणे हे पर्याय पूर्ण तपासण्याआधी दर वेळी शहापूरच्याच जंगलाकडे बोट का जाते, याचे उत्तर मुंबईकरांनी द्यायला हवे. धरणाच्या पाण्याखाली गेलेल्या दरीतून भ्रमणमार्ग पुन्हा काढता येत नाही. महामार्गावर निदान पूल तरी बांधता येतो.

तुंगारेश्वर आणि तानसा यांच्या मधल्या पट्ट्यातून मुंबई-वडोदरा द्रुतगती मार्ग जातो आहे, म्हणजे ती कडीही आता तपासावी लागेल.

आजोबा 2011 सालच्या 1 डिसेंबरला मुंबईच्या वेशीवर वाहनाच्या धडकेने मरण पावले. गळ्यातला पट्टा त्याआधीच निकामी झाला होता; शरीरात बसवलेल्या सूक्ष्म चिपवरून ओळख पटली. कसाऱ्याचा महामार्ग त्यांनी सुखरूप ओलांडला होता, तो 2009 सालचा. आजच्या कसाऱ्यात त्यांना ते कितपत जमले असते, हे सांगता येत नाही.

आश्विन वद्य द्वादशीला शहरांतून वसुबारस साजरी होते, सवत्स धेनूची पूजा होते. त्याच दिवशी सह्याद्रीच्या या पट्ट्यात वाघबारस असते आणि गुराखी वेशीवरच्या वाघोबाला नैवेद्य दाखवतात. त्या दिवशी पाडा एकत्र असतो, जाणती माणसे हजर असतात, आणि वाघाची वाट कुठून जाते हे त्यांना कोणत्याही उपग्रहापेक्षा अधिक बारकाईने ठाऊक असते. वनहक्क कायद्याने सामूहिक वनाचे रक्षण करण्याचा अधिकार ग्रामसभेला दिलेला आहे. शहापूर-मुरबाडमध्ये काम करणाऱ्या कार्यकर्त्यांनी येत्या वाघबारशीला गावाचा नकाशा घेऊन त्या ठाण्यापाशी बसावे, वाटा आणि पाणवठे म्हाताऱ्यांकडून त्यावर आखून घ्यावेत, आणि पुढच्या ग्रामसभेत तो नकाशा ठरावासह वनखात्याकडे धाडावा.